मणक्यातलं पाणी काय सांगतं

मान ताठ झाली म्हणजे मेंदूज्वर, हे बहुतेक घरांना माहीत असतं. मुलाला ताप आला की आई त्याला हनुवटी छातीला लावायला सांगते आणि ती टेकली की निर्धास्त होते. पाच वर्षांच्या मुलासाठी ही परीक्षा बऱ्यापैकी कामाची आहे, पण पाच महिन्यांच्या बाळासाठी तिच्यावर विसंबता येत नाही. साधारण दीड वर्षाच्या आत मेंदूच्या आवरणांना सूज आली तरी मान मऊच राहू शकते. अगदी नवजात बाळाला तर ताप येईलच असंही नाही. उलट त्याचं अंग गार पडू शकतं.

मग तान्ह्या बाळात पाहायचं काय? ते दूध ओढेनासं होतं. कधी सारखं झोपाळलेलं राहतं, कधी किंचाळल्यासारख्या बारीक, उंच सुरात रडतं. एरवी उचलून घेतल्यावर शांत होणारं बाळ उचलल्यावर जास्त रडू लागतं, कारण हलवलं की सुजलेल्या आवरणांवर ताण येतो. उलट्या होतात, श्वास मध्येच थांबतो, रंग फिका किंवा करडा दिसतो. फिट आली तरी ती नेहमी सगळं अंग आखडणारी नसते. एकटक नजर, सायकल चालवल्यासारखे हलणारे पाय किंवा सतत चावल्यासारखी तोंडाची हालचाल हीसुद्धा फिट असू शकते.

आणि टाळू. जुलाबात ती खोल गेली की आजीच्या लगेच लक्षात येतं. ती वर फुगलेली मात्र अनेकदा कुणी पाहत नाही. बाळ शांत असताना, त्याला उभं धरून, टाळूवर हलकेच बोटं ठेवावीत. रडताना ती थोडी उचलली जाणं स्वाभाविक आहे; शांत बाळाची टाळू घट्ट आणि फुगीर लागली तर त्याच घडीला दवाखाना गाठावा.

या आजाराची अडचण अशी की त्याचं नाव कळायला वेळ लागतो आणि थांबायला वेळ नसतो. म्हणून डॉक्टर आधी अंदाजाने उपचार सुरू करतात आणि मग एकेक तपासणी करत तो अंदाज अरुंद करत नेतात. हा क्रम एकदा समजला की रुग्णालयातल्या धावपळीतही आपल्या मुलाचं काय चाललं आहे ते पालकांना कळू शकतं.

दुखणं नेमकं कुठे

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती तीन पातळ आवरणं असतात. त्यांतल्या आतल्या दोन आवरणांच्या मधून एक नितळ द्रव सतत फिरत असतो. पुस्तकात तो मस्तिष्कमेरुद्रव, वॉर्डात आणि घरी मात्र ‘मणक्यातलं पाणी’. संसर्ग आवरणांना झाला तर मेनिंजायटिस, खुद्द मेंदूला झाला तर एन्सेफलायटिस, आणि एका जागी पू साठला तर मेंदूतलं गळू. पहिल्यात ताप, डोकेदुखी आणि उलट्या पुढे असतात. दुसऱ्यात मूल लवकर असंबद्ध वागू लागतं, बोलेनासं होतं, शुद्ध हरपते.

जंतू तिथवर पोहोचतात बहुधा रक्तातून. न्यूमोकोकस किंवा हिब हे जिवाणू अनेक धडधाकट मुलांच्या नाकाघशात बिनबोभाट राहतात. क्वचित एखाद्या मुलात ते रक्तात उतरतात आणि मेंदूभोवतीचा अडसर ओलांडतात. नवजात बाळात जंतू वेगळे असतात: आईच्या जननमार्गातून आलेले ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस आणि ई. कोलाय, किंवा रुग्णालयातच चिकटलेले क्लेबसिएला आणि असिनेटोबॅक्टर. शेवटचे दोन आपल्याकडच्या नवजात कक्षांत डोकेदुखी ठरतात, कारण अनेक प्रतिजैविकांना ते दाद देत नाहीत.

मणक्यातल्या पाण्यात पांढऱ्या पेशी आणि प्रतिपिंडं फार थोडी असतात. त्यामुळे एकदा आत शिरलेले जिवाणू बिनविरोध वाढतात. शरीराला उशिरा जाग येते आणि मग रक्तातून पेशींची रीघ लागते, सूज चढते, कवटीतला दाब वाढतो. बरंचसं नुकसान जंतूंपेक्षा या प्रतिकारामुळेच होतं. पुढे स्टेरॉइडचा विषय येतो तो यामुळे.

पहिला तास

मुलाला फिट येत असताना आणलं गेलं, तर त्या क्षणी कारणापेक्षा श्वास महत्त्वाचा. त्याला कुशीवर वळवतात, तोंडातला फेस काढतात, ऑक्सिजन लावतात. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर मिडाझोलाम किंवा लोराझेपाम देतात. घरीही एवढंच करायचं: कुशीवर वळवणं आणि घड्याळ पाहणं. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं, दातांत चमचा घालणं, तोंडात पाणी ओतणं यांपैकी काहीही करू नये. चमच्याने दात तुटतात आणि पाणी फुफ्फुसात जातं.

त्याच वेळी बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर पाहिली जाते. रक्तातली साखर घसरली तरी मूल बेशुद्ध होतं, त्याला फिट येते, आणि दिसायला सगळं मेंदूज्वरासारखंच दिसतं. बिहारमधल्या मुझफ्फरपूरला लिचीच्या हंगामात दगावणाऱ्या मुलांबाबत नेमकं हेच घडलं. वर्षानुवर्षं तो मेंदूचा संसर्ग समजला जात होता. 2014 च्या साथीच्या अभ्यासात अनेक मुलांची साखर अतिशय खाली गेलेली आढळली. लिचीतली काही द्रव्यं आणि रात्री उपाशी झोपणं यांच्याशी तिचा संबंध जोडला गेला. अशा मुलाला वेळेवर शिरेतून ग्लुकोज मिळालं तर जीव वाचू शकतो.

तापात आलेली प्रत्येक फिट म्हणजे मेंदूचा संसर्ग, असं मात्र नाही. सहा महिने ते पाच वर्षं या वयात नुसत्या तापानेही फिट येते. ती बहुधा काही मिनिटांत थांबते, चोवीस तासांत पुन्हा येत नाही, आणि थोड्या वेळाने मूल नेहमीसारखं खेळू लागतं. डॉक्टरांचं लक्ष या शेवटच्या गोष्टीवर असतं. फिट थांबून तास-दोन तास झाले तरी मूल ओळखत नसेल, सुस्त असेल, तर तपासणी पुढे सरकते. बाळ सहा महिन्यांहून लहान असेल तर संशय मुळातच जास्त धरतात.

मग शिरेत सुई बसते, रक्ताचे नमुने घेतले जातात. त्यांतला एक ‘कल्चर’साठी असतो. रक्तात जंतू वाढवून पाहण्याची ही तपासणी प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसाआधी व्हावी, असा प्रयत्न असतो.

पाठीतून पाणी काढताना

खरी माहिती मिळते ती मणक्यातल्या पाण्यातून, आणि पालक अडतात तेही इथेच. ‘पाठीतलं पाणी काढलं की पोर लुळं पडतं’ ही भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिच्यावरचं उत्तर शरीराच्या रचनेतच आहे. मज्जारज्जू पाठीच्या कण्यात शेवटपर्यंत जात नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, नवजात बाळात तिसऱ्याशी. त्याखाली पाण्यात नसांचे धागे तरंगत असतात आणि सुई आली की ते बाजूला सरकतात. म्हणून सुई घातली जाते ती तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये. ही जागा शोधायला दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांची वरची टोकं बोटांनी चाचपतात आणि त्यांना जोडणारी रेषा धरतात.

बाळाला कुशीवर घेऊन, गुडघे पोटाशी आणून नर्स घट्ट धरते. मान फार वाकवत नाहीत, कारण तान्ह्या बाळाचा श्वास अडू शकतो. जागा बधिर करून, जंतुनाशकाने पुसून, बारीक सुई आत जाते. दोन-तीन छोट्या बाटल्यांत थेंब थेंब पाणी जमा होतं, एकूण दोन-तीन मिलिलिटर. शरीर हे पाणी सतत तयार करतच असतं. काढलेलं काही तासांत भरून येतं. आजारातून उठलेलं मूल पुढे लंगडलं तर दोष सुईवर जातो, पण लंगडणं बहुतेक वेळा मूळ आजाराचं असतं.

ही तपासणी 1891 पासून चालत आली आहे. जर्मनीतल्या कील इथल्या हाइनरिख क्विंके यांनी डोक्यात पाणी साठलेल्या मुलांचा दाब कमी करण्यासाठी ती वापरली, आणि त्याच वर्षी लंडनच्या वॉल्टर एसेक्स विंटर यांनी क्षयाच्या मेंदूज्वराने आजारी मुलांच्या पाठीतून पाणी काढल्याचं नोंदवलं. दोघांचा हेतू उपचाराचा होता. निदानासाठीचं तिचं मोल पुढे कळत गेलं.

काही मुलांत सुई लगेच घालता येत नाही. डोळ्यांची एक बाहुली मोठी, एक लहान असेल, शुद्ध झपाट्याने हरपत असेल, तर कवटीतला दाब फार वाढलेला असतो. अशा वेळी खालून पाणी काढलं तर मेंदू खाली सरकण्याचा धोका असतो. मूल शॉकमध्ये असेल, रक्त गोठत नसेल किंवा सुईच्या जागेवर जखम असेल तरीही थांबतात. पण थांबायचं ते फक्त सुईसाठी. प्रतिजैविक त्याच घडीला सुरू होतं. आधी सीटी स्कॅन, मग पाणी, मग औषध अशी रांग लावली तर मौल्यवान तास हातचे जातात.

पालकांनी नकार दिला किंवा ‘उद्या बघू’ म्हटलं तरी औषध सुरू होतंच, पण उत्तर हातातून निसटू लागतं. प्रतिजैविक सुरू झालं की मेनिंगोकोकस हा जिवाणू दोनेक तासांत पाण्यातून नाहीसा होऊ शकतो, न्यूमोकोकस त्यानंतरच्या काही तासांत. नंतर कल्चरमध्ये काही उगवत नाही, आणि तीन आठवड्यांचं औषध की एका आठवड्याचं, हे अंदाजानेच ठरवावं लागतं. गावात आधी दिलेल्या अर्धवट प्रतिजैविकानेही हाच घोळ होतो. म्हणून बाटली किंवा गोळ्यांची पट्टी, रिकामी असली तरी, सोबत न्यावी.

थेंबांचं वाचन

पहिलं वाचन डोळ्यांचं. निरोगी पाणी नितळ असतं. तांदळाच्या धुवणासारखं गढूळ दिसलं तर त्यात शेकडो पांढऱ्या पेशी आहेत, हे प्रयोगशाळेआधीच कळतं. नितळ दिसलं म्हणजे सगळं ठीक, असं मात्र समजत नाहीत.

मग पेशी मोजल्या जातात. एक महिन्यापेक्षा मोठ्या मुलात दर मायक्रोलिटरला पाचपर्यंत पांढऱ्या पेशी चालतात, नवजात बाळात वीसेकपर्यंत. बाटलीत या पेशी लवकर फुटतात, त्यामुळे नमुना तासाभरात सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवा. पाण्यातल्या साखरेची तुलना रक्तातल्या साखरेशी होते. साधारणपणे ती रक्तातल्या साखरेच्या दोन-तृतीयांश असते, म्हणून रक्ताचा नमुना सुईच्या सुमारासच घेतात. तिसरं मोजमाप प्रथिनांचं. आवरणं सुजून पाझरू लागली की ती वाढतात.

या तिन्ही आकड्यांवरून चित्र जुळतं. पेशी शेकड्यांनी किंवा हजारांनी, त्यांतल्या बहुतेक न्यूट्रोफिल प्रकारच्या, साखर निम्म्याहून खाली, प्रथिनं बरीच वर: जिवाणूंचा संसर्ग. पेशी दहा ते काही शे, बहुतेक लिम्फोसाइट प्रकारच्या, साखर नेहमीसारखी, प्रथिनं किंचित वाढलेली: विषाणूंचा संशय. लिम्फोसाइट आहेत, पण साखर उतरलेली आणि प्रथिनं खूपच वर: क्षय. हे पाणी काही तास स्थिर ठेवलं तर त्यात कधी कधी कोळ्याच्या जाळ्यासारखा पापुद्रा धरतो. चित्र नेहमी इतकं स्वच्छ नसतं. विषाणूंच्या आजारात पहिल्या दिवशी न्यूट्रोफिलच जास्त दिसू शकतात.

नाव पक्कं होतं ते पुढच्या पायऱ्यांवर. ग्रॅम स्टेनमध्ये रंगवलेले जंतू तासाभरात दिसू शकतात. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, पण कोणतं औषध लागू पडेल तेही त्यातून कळतं. पीसीआर तपासणी जंतूचा जनुकीय अंश शोधते; जंतू मेलेला असला तरी ती तो शोधू शकते. क्षयासाठी जीन एक्स्पर्ट ही तपासणी आहे. तिचा निकाल ‘नाही’ आला तरी क्षय नाही असं म्हणता येत नाही, कारण पाण्यात क्षयाचे जंतू फार विरळ असतात. अशा वेळी घरातल्या खोकणाऱ्या माणसाची चौकशी, छातीचा एक्स-रे आणि मेंदूचा एमआरआय यांचा आधार घेतात.

ऋतू आणि गाव यांची साक्ष

मूल सकाळी तापलं, दुपारी फिट आली, रात्री बेशुद्ध, आणि पाणी जवळजवळ नितळ. पावसाळ्यात विदर्भातून असं मूल आलं तर चांदिपुरा विषाणूची आठवण होते. 1965 मध्ये नागपूरजवळच्या चांदिपुरा गावातल्या तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला, तो प्रथम सापडला. 2003 मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रातल्या साथीत त्याने मुलांचे बळी घेतले तेव्हा त्याचं खरं रूप दिसलं. 2024 च्या पावसाळ्यात गुजरातेतल्या साथीत या विषाणूचे साठाहून अधिक रुग्ण तपासणीत पक्के ठरले. तो वालुमाशीतून पसरतो. मातीच्या भिंतींच्या भेगा आणि गोठ्याजवळची ओल हा तिचा निवारा. त्यावर औषध नाही, लसही नाही. मूल एक-दोन दिवसांत दगावू शकतं, म्हणून सगळी भिस्त फिट थांबवणं, दाब उतरवणं आणि श्वास सांभाळणं यांवर असते.

जपानी मेंदूज्वर डासांतून येतो. भातशेती, पाणपक्षी आणि डुकरं यांच्या शेजारी तो रेंगाळतो. त्यावरही औषध नाही, पण लस आहे, आणि ज्या जिल्ह्यांत आजार आढळतो तिथे ती सरकारी वेळापत्रकात मिळते.

औषध नसलेल्या या दोन आजारांइतकंच लक्ष डॉक्टर औषध असलेल्या तिघांकडे देतात, कारण ते हुकले तर हळहळ उरते. हर्पिस विषाणू मेंदूत शिरला आणि उपचार झाले नाहीत तर सुमारे 70 टक्के रुग्ण दगावतात. त्यावर असायक्लोव्हिर आहे, म्हणून संशय आला की निकालाची वाट न पाहता ते सुरू करतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत हर्पिसची पीसीआर चुकीने ‘नाही’ सांगू शकते; संशय कायम असेल तर पाणी पुन्हा काढावं लागतं. दुसरा स्क्रब टायफस. गोरखपूर भागात मेंदूज्वर समजल्या जाणाऱ्या अनेक मुलांत तो निघाला, आणि विदर्भातही तो आढळतो. काखेत, जांघेत, कानामागे सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली शोधतात. डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन या साध्या औषधांनी तो बरा होतो. तिसरा मेंदूचा मलेरिया. गडचिरोलीसारख्या भागातून आलेल्या बेशुद्ध मुलाची मलेरियाची तपासणी आधी होते आणि आर्टेसुनेटचं इंजेक्शन लगेच दिलं जातं.

म्हणूनच ‘गाव कोणतं, घर कसं, गुरं आहेत का, मूल शेतात जातं का’ असे प्रश्न विचारले जातात. ते फापटपसारा वाटले तरी निदानाचा भाग असतात.

सलाईनच्या बाटलीमागचा हिशेब

जिवाणूंच्या संशयात महिन्यापेक्षा मोठ्या मुलाला सेफ्ट्रियाक्झोन आणि बहुधा व्हॅन्कोमायसिन एकत्र देतात. रक्तातून मेंदूकडे थोडंच औषध झिरपतं, म्हणून मात्रा एरवीपेक्षा मोठी असते: सेफ्ट्रियाक्झोनची दर किलो वजनाला दिवसाला सुमारे 100 मिलिग्रॅम. दोन दिवसांत ताप उतरला, मूल हसू लागलं, तरी गोळ्यांवर सोडत नाहीत, कारण तोंडावाटे ही पातळी गाठता येत नाही. नवजात बाळासाठी औषधांची जोडी वेगळी असते आणि ती त्या रुग्णालयात कोणते जंतू आढळतात यावर ठरते. कल्चरचा निकाल आला की नको असलेली औषधं बंद होतात.

दिवस जंतूवर अवलंबून. मेनिंगोकोकसला साधारण सात, हिबला सात ते दहा, न्यूमोकोकसला दहा ते चौदा, आणि नवजात बाळातल्या ई. कोलायसारख्या जंतूंना किमान एकवीस. क्षयाच्या मेंदूज्वराचे उपचार आपल्याकडे साधारण वर्षभर चालतात: पहिले दोन महिने चार औषधं, पुढे तीन, आणि सुरुवातीचे सहा ते आठ आठवडे स्टेरॉइड. डोक्यात पाणी साठलं तर ते पोटात वळवणारी शंट नावाची बारीक नळी बसवावी लागते.

जिवाणूंच्या आजारात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड प्रतिजैविकाच्या आधी किंवा सोबत देतात, म्हणजे मेलेल्या जंतूंमुळे उसळणारी सूज आवरते. हिबच्या संसर्गात त्याने बहिरेपण टळण्यास मदत होते. नवजात बाळांना ते देत नाहीत.

बाकीचं काम नर्सच्या तक्त्यावर दिसतं. खाटेचं डोकं तीसेक अंश वर, दाब वाढल्यास मॅनिटॉल किंवा तीव्र मिठाचं सलाईन, लघवीचं मोजमाप, रक्तातलं सोडियम. तान्ह्या बाळाचं डोकं रोज टेपने मोजतात. घेर भराभर वाढला किंवा ताप उतरून परत आला तर टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी होते; टाळू उघडी असेपर्यंत ही खिडकी मिळते.

घरी सोडल्यानंतर

ताप गेला, मूल हसलं, डिस्चार्ज मिळाला की पालक सुटकेचा श्वास टाकतात. एक तपासणी मात्र याच टप्प्यावर राहून जाते: कानांची. जिवाणूंच्या मेनिंजायटिसनंतर दहामागे साधारण एका मुलाला कमी ऐकू येतं, आणि बोलण्याचं वय न झालेल्या बाळात ते महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून ऐकण्याची बेरा चाचणी घरी सोडण्याआधी किंवा महिन्याभरात करावी. गंभीर बहिरेपण आलं तर घाई आणखी महत्त्वाची, कारण आतल्या कानाच्या पोकळीत हाड वाढू लागतं आणि कॉक्लियर इम्प्लांट बसवणं अवघड होतं. बसणं, चालणं, बोलणं मागे पडत असेल, फिट येत राहत असतील, तर जिल्हा रुग्णालयाच्या लवकर हस्तक्षेप केंद्रात तपासणी आणि फिजिओथेरपी मिळते.

बाळाच्या लसीकरणाचं कार्ड तिथेही सोबत असू द्यावं आणि पुन्हा ताप आला तर कोणत्याही दवाखान्यातही. जन्मतः दिलेली बीसीजी मुलांमधला क्षयाचा मेंदूज्वर बऱ्याच प्रमाणात टाळते. 2011 पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या पेंटाव्हॅलंटमध्ये हिबची लस आहे; न्यूमोकोकसची लस 2017 मध्ये काही राज्यांत सुरू झाली आणि 2021 मध्ये देशभर पोहोचली. डॉक्टरांच्या दृष्टीने हे कार्ड निदानाचा कागदही आहे. कोणते डोस झाले ते दिसलं की काही जंतूंची शक्यता मागे पडते, काहींची पुढे येते, आणि ज्या पहिल्या तासात नाव माहीत नसताना औषध निवडावं लागतं, त्या तासाचा अंदाज अधिक नेमका होतो.